दोन माणसांचा गिअर

अवरे आले. म्हैसुरात हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी सरस्वतीपुरमच्या आमच्या गल्लीत दार उघडावं, तर हातगाडी अजून कोपऱ्यावर असते आणि वास घरात येऊन बसलेला असतो. तुमच्याकडच्या पावट्याचा हा म्हैसुरी चुलतभाऊ. थंडीतल्या दवानं त्याच्या शेंगेवर एक तेलकट, हिरवट, अंगाला चिकटणारा वास चढतो. इथं त्याला सोगडु म्हणतात. एकदा बोटांना लागला की साबण शरण येतो. माझ्या एका मावशीनं अवरे सोलता सोलता बेंगळूरला पत्र लिहिलं होतं. ज्या घरात ते उघडलं, तिथं त्या दिवशी दोन वाट्या तांदूळ जास्त शिजला. हे मी पाहिलेलं नाही, पण मावशी खोटं बोलायची नाही. आमच्या घराण्यात ते काम माझ्याकडे आहे.

आज सकाळी आईनं भिजवलेले अवरे पुढ्यात घेतले. दाणा दोन बोटांत धरायचा आणि दाबायचा, की तो सालातून सुळकन उडतो आणि परातीत पडतो. आईचा दाणा परातीत पडतो. माझा एकदा समोरच्यांच्या गच्चीवर गेला आणि तिथं त्याचा वेल झाला. त्या टपटप आवाजाबरोबर माझ्या नाकात मात्र दुसराच वास आला, ग्रीसचा. परातीच्या आसपास ग्रीस कुठंही नव्हतं. काही वर्षांपूर्वीच्या अशाच थंडीत हे दोन वास माझ्या हातांवर एकत्र बसले, ते अजून वेगळे व्हायला तयार नाहीत.

तेव्हाची आमची गाडी सांगतो. ज्या कंपनीनं ती केली ती कधीच दमली. गाडी दमली नव्हती. बॉनेट असं, की त्यावर दोन माणसांनी पत्ते खेळावेत. पुढची सीट म्हणजे एक सलग बाक. तीन माणसांसाठी केलेल्या त्या बाकावर आमच्यातले सात बसून नंजनगुडला गेलेले आहेत, वर एक शेळी. आणि गिअरची दांडी जमिनीतून उगवत नाही. स्टिअरिंगच्या खांबातून डावीकडे फांदीसारखी निघते. चालवणाऱ्यानं डाव्या हातानं ती स्वतःकडे ओढायची, वर किंवा खाली न्यायची, मग खाली लपलेल्या सळया गिअरबॉक्सला निरोप पोचवतात.

आता हा निरोप आमच्याकडे कसा जायचा, ते ऐका. अप्पा म्हणजे माझे वडील, फिटर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या पुढच्याच वर्षी त्यांचा डावा खांदा आखडला. चाक धरण्याइतका हात हलायचा, पण ती दांडी ओढून वर न्यायची म्हटली की डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, आराम करा. अप्पांनी आठ दिवस आराम केला आणि आठही दिवस गाडीकडे बघत केला. नवव्या दिवशी आई पदर खोचून डावीकडच्या जागेवर जाऊन बसली.

"तुम्ही क्लच दाबा. दांडी मी टाकते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पस्तीस वर्षं शेजारी बसलेय. सुम्ने, गप दाबा."

तेव्हापासून आमची गाडी दोन माणसं चालवायची. अप्पा क्लच दाबून "हूं" म्हणायचे, आई दांडी हलवायची. सुरुवातीला "हूं, एक", "हूं, दोन" असं व्हायचं. पुढं नुसतं "हूं" उरलं. मग तेही गेलं. अप्पांचा पाय हलला, की आईचा हात निघालेला असायचा. आईला इंजिनचा आवाज अप्पांपेक्षा आधी समजायचा. भांडणही त्यातूनच व्हायचं. एकदा अप्पा तिच्या भावाबद्दल काहीतरी बोलले, तर हिनकलपासून येलवालपर्यंत तिनं दुसरा गिअर टाकलाच नाही. गाडी किंचाळत होती, मागून बैलगाडीवाले ओव्हरटेक करत होते, अप्पा क्लच दाबून "हूं, हूं" करत होते आणि आई खिडकीबाहेर ऊस बघत होती. येलवालच्या वेशीवर अप्पा म्हणाले, "बरं, चांगला माणूस आहे तुझा भाऊ." दुसरा पडला.

येलवालला ते अवऱ्यांसाठी जायचे. बाजारातले अवरे आईला पटत नसत. थेट शेताच्या बांधावर जायचं, शेंग मोडून वास घ्यायचा, पोतं डिकीत टाकायचं, रस्त्याकडेला कॉफी प्यायची आणि यायचं. वर्षातून एकदाच, पण आई त्या फेरीची तयारी लग्नासारखी करायची. आमचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते. खापरपणजोबांनी घोड्याला उलटं चालायला शिकवलं होतं, म्हणून परेडमध्ये त्यांना कधी वळावं लागलं नाही, असं आमच्याकडे सांगतात. मोहिमेवर निघण्याची हौस तेवढी त्या रक्तातून आली असावी. फरक इतकाच, की आई त्या घरात लग्न करून आली आणि हौस सगळी तिनंच घेतली.

त्या वर्षी नेमका हंगामाच्या तोंडावर हिनकलच्या चौकात गिअर अडकला. पहिल्यातून निघाला आणि दुसऱ्यात गेलाच नाही. दांडी मधेच लुळी. पुढं बस, मागं बस, मधे आमचे आई-अप्पा. मी तिथं नव्हतो, त्यामुळे खरी संख्या सांगू शकतो: किमान चारशे हॉर्न वाजले. शेवटी एका बसच्या कंडक्टरनं उतरून गाडी बाजूला ढकलली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि मी दुकानातून घरी पोचण्याआधी बेंगळूरहून ताईचा फोन आला.

"एक गाडी, दोन ड्रायव्हर! बाळ्या, तुला काही वाटतं का? काही झालं असतं म्हणजे?"

ताई बरोबर बोलत होती. तेच तिचं वाईट आहे. तिनं माणूसही शोधून ठेवला होता. हिनकलचे मादप्पा, लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या भाड्यानं देणारे. रविवारी सकाळी येतील, चालवून बघतील, आवडली तर घेऊन जातील. मी ताईच्या बाजूनं झालो. वर मादप्पांना फोनवर सांगूनही टाकलं, "शनिवारी मी गिअर असा करून ठेवतो, की तुम्ही डोळे मिटून टाकाल." माझा पंप दुरुस्तीचा धंदा आहे. ज्यानं शंभर फुटांवरून पाणी वर आणलंय, त्याला दांडी काय जड? असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

आई एवढंच म्हणाली, "न्यायची तर नेऊ दे. पण त्याआधी एकदा येलवालला जाऊन येतो. अवरे आलेत."

"मी नेतो ना आई, माझ्या गाडीतून."

"तू नेशील," अप्पा म्हणाले, "आणि आम्ही मागं बसून काय बघायचं? तुझं टक्कल?"

शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. पायरीवर आई, येलवालचे येईपर्यंत नाइलाजानं घेतलेल्या हातगाडीवरच्या अवऱ्यांची परात घेऊन बसली होती, टप, टप, टप. ऊन कोवळं, हवेत तो वास. खांबाच्या तळाशी, सळई जिथं जोडली जाते, तिथलं बुश मी बाहेर काढलं आणि ते माझ्या चिमटीत चुरमुऱ्यासारखं चुरलं. रोग सापडला. बुश म्हणजे नायलॉनचं एवढंसं कडं, धातूवर धातू घासू नये म्हणून मधे बसवलेलं. ते झिजलं की निरोप वाटेत सांडतो. इकडं दांडी हलते, तिकडं गिअर झोपलेला. मी नवं बसवलं. इथंच थांबलो असतो तर हा लेख दोन पानं आधी संपला असता.

पण नवं बुश बसवल्यावर मला दिसलं, की न्यूट्रलमध्ये दांडी सरळ नाही. चांगली चार बोटं खाली झुकलेली आहे. समोरच्या बिल्डिंगमधले कुलकर्णी येऊन उभे होते. पुण्याहून इथं कंपनीत आलेला शांत, सज्जन माणूस. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचं काम बघण्याची त्यांना फार आवड. त्यांनी फोनवर व्हिडिओ लावला.

"हे बघा, यात दांडी जवळजवळ आडवी आहे. तुमची बरीच उतरलीय. सळईची लांबी चुकली असणार."

"चुकली म्हणजे काय, वय झालं तिचं," मी म्हणालो. आणि सळईची लांबी पक्की धरून ठेवणारा लॉकनट सैल केला. तो इतका घट्ट होता, की पान्याला लोंबकळलो तेव्हा आख्खं सरस्वतीपुरम एका अंशानं कललं. सळईचं टोक आटे फिरवून आत घेतलं, दांडी आडवी केली, गिअरबॉक्स न्यूट्रलला, दोन्हींना जोडणारी पिन हलकेच घातली. नुसत्या बोटानं गेली! जोडणी जमली याची खूण हीच. पिन ठोकावी लागली तर समजा चुकलं. नट आवळला. चालकाच्या जागी बसून एक, दोन, तीन, चार टाकले. लोण्यातून सुरी. कुलकर्ण्यांनी टाळी वाजवली. मी त्यांच्याकडून कॉफीही वसूल केली.

"चला," मी आई-अप्पांना ओरडून सांगितलं, "बसा! येलवाल!"

आई हात पुसून डावीकडे बसली. अप्पा उजवीकडे. इंजिन लागलं. अप्पांचा पाय दबला, आईचा हात निघाला आणि हवेत थांबला. दांडी तिथं नव्हती. वर, चाकाच्या मागं होती. आईनं कोपर उचलून ती धरली, ओढली, तर बांगड्या चाकाच्या कडीवर आपटल्या. पहिला कसाबसा पडला. गाडी फाटकापर्यंत गेली. दुसऱ्यासाठी दांडी आणखी वर ढकलायची, तिथं तिचा हात पोचेना. खर्र झालं. पुन्हा खर्र. अप्पांनी स्वतःचा डावा हात उचलला, तो अर्ध्यावर थांबला, त्यांनी ओठ दाबून तो परत मांडीवर ठेवला.

इंजिन बंद पडलं. आईनं दोन्ही हात मांडीत घेतले.

"बरं झालंय काम," ती मला म्हणाली. "त्या मादप्पांना बरी पडेल. आता यात माझं काही नाही."

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती चांगलं काम झाल्यासारखं बोलली. मी खिडकीशी उभा, हातात पाना, तोंडावर सकाळचं शौर्य.

अप्पा खाली उतरले, बॉनेटपाशी आले आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिले.

"या नटला कुणी हात लावला?"

"मी. सळई चुकली होती, अप्पा. दांडी चार बोटं खाली आली होती."

"आली नव्हती." त्यांनी मागं वळून पाहिलं, आई ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवला. "आणली होती. तिचा हात जिथं विश्रांतीला पडतो ना, तिथं. खांदा आखडला त्या वर्षी. पाच दिवस लागले मला, एका हातानं. अर्धा आटा फिरवायचा, तिला फेरीला न्यायचं, बघायचं, परत अर्धा आटा."

"मग सांगितलं का नाही तिला?"

"काय सांगू? ती सगळ्या मैसूरला सांगत होती, गाडी महिन्यात माझ्या हाताला आली म्हणून. तिला हात आला, हेही खरंच की."

अय्यो देवा. मी आजवर किती पंप उघडले असतील. वाकडं दिसलं, की झिजलं म्हणून सरळ करून दिलं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, हे चालवतं कोण? कुठल्या हातानं? उभ्यानं की बसून? लोकांना वाटतं, बाळूला आता ऐकायला कमी येतं, म्हणून भलतंच विचारतो. पण वाकडेपणात किती वाकडेपणा झिजेचा आणि किती कुणीतरी मुद्दाम, प्रेमानं, पाच दिवस घालवून बसवलेला, हे नटकडे बघून कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं, आणि मी काही साधा मेकॅनिक नव्हे.

"पहिली खूण कुठं होती, आठवतं?" मी विचारलं.

"खूण कसली. खूण ती बसलीय तिथं."

मग सुरू झालं. अप्पा चाकामागं, मी बॉनेटखाली, आई तिच्या जागेवर. परात तिनं मांडीवर मागून घेतली होती, कारण वेळ फुकट घालवणं तिला जमत नाही. मी अर्धा आटा फिरवायचो, पिन घालायचो, अप्पांचा पाय दबायचा, आई अवऱ्याचे हात तसेच दांडीला लावायची.

"वर आहे."

अर्धा आटा.

"अजून वर आहे."

अर्धा आटा.

"आता खाली गेली. तुला काही येतं का नाही? पंपच कर तू."

पाव आटा. दांडीची मूठ सालांनी आणि ग्रीसनं माखली होती. माझ्या हातांनाही दोन्ही. ऊन पायरीवरून सरकत नारळाच्या बुंध्यापर्यंत गेलं. कुलकर्णी जेवून परत आले. त्यांच्या व्हिडिओत हा भाग नव्हता. मी किती वेळा पिन काढून घातली ते विचारू नका. पिनेचं टोक घासून सुईसारखं झालं आणि शेजारच्या शिंप्यानं ते मागितलं, एवढं सांगतो.

मग एकदा अप्पांचा पाय दबला. आईचा हात परातीतून निघाला, तिनं तिकडं पाहिलंही नाही, आणि खट् करून पहिला पडला. तिनं वर पाहिलं. दुसरा. तिसरा. हात पुन्हा परातीत.

"हं," आई म्हणाली. "ही माझी."

मग अप्पांकडे न बघता, एक दाणा दाबता दाबता: "तेव्हा तुमच्या लुंगीवरचे ग्रीसचे डाग पाच दिवस कोण धूत होतं? मला काय कळत नव्हतं?"

अप्पांनी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी बंद होती.

शनिवार त्यातच गेला. येलवाल रविवारी सकाळवर ढकललं. मी जाहीर केलं, की आई-अप्पा जाऊन आले, की मादप्पा यायच्या आत दांडी परत सरळ करून ठेवतो. मी शब्द दिला होता. पाना माझ्या खिशात होता.

मादप्पा ठरल्या वेळेच्या तासभर आधी आले. बसनं आले, कारण परत जाताना गाडी असणार होती. अघळपघळ, हसरा माणूस, शर्टाच्या गुंड्या पोटाशी झटापट करणाऱ्या. आई आधीच डावीकडे बसलेली, पायाशी रिकामं पोतं. ती उतरली नाही.

"बसा आम्मा, बसा," मादप्पा म्हणाले, "एक फेरी मारून येतो. तुमच्या मुलानं सांगितलंय, डोळे मिटून गिअर पडतो."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशात हात घातला. पाना गार लागला. पाच मिनिटांचं काम होतं. सहा आटे, एक पिन. मी म्हणालो, "पाना कुठं ठेवला कोण जाणे."

मादप्पांनी चालकाची जागा घेतली, म्हणजे बाकाचा दोन तृतीयांश. क्लच दाबला, दांडी खाली ओढली, पहिला पडला. क्लच सोडायला पाय वर आला, तसा त्यांचा गुडघा, जो कलिंगडाच्या खालोखाल होता, खाली आलेल्या दांडीला लागला आणि गिअर बाहेर. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा त्यांनी गुडघा दाराकडे वळवला, तर क्लच सुटला, गाडीनं खापरपणजोबांच्या घोड्यासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"हे काय हो, सार? पहिला गिअर राहतच नाही!"

"राहतो की," आई म्हणाली. "दाबा क्लच." तिनं दांडी डावीकडून धरली, खाली नेली आणि तिथंच हात ठेवून, वाटेत येणारा त्यांचा गुडघा दुसऱ्या हातानं दूर सारला. गाडी गुमान चार हात पुढं गेली. मादप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे आम्मा नसल्या तर ही चालणार नाही?"

अप्पा फाटकाला टेकून उभे होते. "गाडी न्या की, मादप्पा. शब्द आहे आमचा," ते म्हणाले. "पण आमची ही जायची नाही. हिचं मी काही ठरवलेलं नाही."

मादप्पा हसायला लागले. पोट हसलं, गुंडी तुटली, बाक हसला. "वरातीत नवरा-नवरी मागं, आणि पुढं माझ्याबरोबर तुमची बायको! आमच्या घरी माझं काय होईल सार? बेड बेड, राहू द्या." ते उतरले, चाक अप्पांच्या ताब्यात दिलं आणि कपाळ पुसलं. आईनं विचारलं, "हिनकललाच जायचं ना तुम्हाला? बसा मागं. आमच्या वाटेवरच आहे." मादप्पा मागं बसले. सौदा मोडलेला माणूस इतक्या आरामात बसलेला मी नंतर कधी पाहिला नाही.

ते निघाले. मी फाटकात उभा. फोन वाजला, ताईचा.

"आले का रे ते?"

"आले होते. त्यांना हिनकलला सोडायला गेलेत."

"कोण?"

"आई-अप्पा."

"कशातून?"

मी फोन रस्त्याकडे धरला. कोपऱ्यावर दुसरा पडत होता.